स्टेजवर न बोललेलं वाक्य

कुंकवाचा करंडा माझ्या कपाळासमोर आला आणि थांबला.

धरणारी होती वकीलसाहेबांची बायको. त्यांच्या घरी मी कित्येक वर्षं स्वयंपाक करत होते. बोट कुंकवात बुडवलेलं, आणि तसंच हवेत. बाईसाहेबांनी माझं कपाळ बघितलं. मग मोकळा गळा बघितला. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बोट झटक्यात वळलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या कपाळाला लागलं.

धारवाडातला मोठा हॉल. माणसं दाटीवाटीनं बसलेली. आमच्या पाठीमागं कापडी फलक: 'दहशतवादावर एकच उपाय, लष्कर!' आणि छापील पत्रिकेत ठळक अक्षरात: 'वीरपत्नीची ओटी भरणे'.

आता मला सांगा, वीरपत्नी म्हणजे कोण? जिचा नवरा लढाईत मेला ती. म्हणजे विधवा. आणि विधवेची ओटी तुमच्यात भरत नाहीत. वकील, प्राध्यापक, हेडमास्तरीणबाई, एवढी शिकलेली माणसं. महिनाभर मीटिंगा घेतल्या. त्या मीटिंगांचा चहा मीच केला. पण एकाच्याही टाळक्यात हे आलं नाही. शहीद म्हटलं की यांना हार घातलेला फोटो दिसतो. त्या फोटोखाली एक रांडमुंड बाई भाकरी थापत बसलेली असते, ती काही दिसत नाही.

बाईसाहेब मागं वळून कुणाला तरी कुजबुजल्या, "हिला नुसती शाल द्या. नारळ नको."

माइक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं. आणि एका शहाण्यानं त्यावर टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून बाकीच्यांनी वाजवल्या.

शाल माझ्या अंगावर पडली. धारवाडचं ऊन, आणि वर शाल. मी खाली बघत बसले. लाज वाटत होती, आणि लाज मला का वाटावी, याचा राग येत होता.

मी अळणावरजवळच्या एका गावची. माहेर-सासर दोन्हीकडं दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं. नवरा फौजेत गेला, कारण आमच्या गावच्या पोराला पोटभर जेवण आणि पायात बूट देणारी तेवढीच एक जागा होती. उगाच मोठं कशाला सांगू? देशाचं प्रेम त्याला नव्हतं असं नाही. पण भाकरी आधी. पूर्वेकडच्या डोंगरात त्याला गोळी लागली. झेंड्यात गुंडाळून आला. तेव्हा पोरगं माझ्या कडेवर होतं.

पुढं मी धारवाडजवळ रायापुरात दोन खोल्यांत राहायला आले. सासू अंथरुणाला खिळलेली. पेन्शन येतं, नाही म्हणत नाही. पण सगळं भागत नाही म्हणून वकिलाकडं स्वयंपाकाला लागले. पोरगं मोठं झालं, तिथनं जवळच बेलूरच्या एका कारखान्यात कामाला लागलं.

वकीलसाहेब रिटायर झालेले. रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून लढाई करायचे. समोर टीव्ही, हातात भज्यांची बशी. कुठं बॉम्ब फुटला, कुठं जवान मेले, की यांना चेव चढायचा. "घुसवा सैन्य! काय लोणचं घालायचंय का सैन्याचं? गावंच्या गावं झोडपून काढा. पंधरा दिवसांत साफ!" मग लगेच, "जरा भजी गरम आण गं."

पोरगा मला न्यायला गाडीवर यायचा. वकील त्याला आत बोलवायचे. एरवी नोकराची पोरं त्या घरात मागच्या दारानं. पण हा वाघाचा बच्चा ना! "ये रे, बस असा. बापाचा सूड घ्यायचाय की नाही तुला?" पोरगं छाती फुगवून घरी यायचं. आरशासमोर उभं राहायचं.

वकिलांना दोन मुलगे. एक अमेरिकेत, एक बंगळूरला. नातू एकदा शाळेकडनं कॅम्पला जायला निघाला, तर बाईसाहेबांनी जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "तिथं डास असतात." अशी ही लढवय्यांची जात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब स्वयंपाकघरात आले. त्या घरात मी असल्यापासून पहिल्यांदा. मी आमटीला फोडणी देत होते.

"उद्या तुला माइक देणार आहे," म्हणाले. "जास्त काही नाही. एकच वाक्य. 'नवरा दिला, आता मुलगाही देते.' बस्स. लोक उठून उभे राहतील बघ."

मी म्हटलं, "त्याला विचारलंत का?"

"तो तयारच आहे. पण तुझ्या तोंडून यायला पाहिजे."

मला कळलं ते काय करत होते. भरल्या हॉलमध्ये आईनं असं म्हटल्यावर पोरगं मागं कसं फिरेल? उद्या त्याचं मन बदललं, तरी गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्याला भित्रा म्हणेल. माझ्या जिभेनं त्याला बांधून टाकायचा होता. आणि खरं सांगते, मी 'नाही' म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. त्यांच्या घरचं खात होते ना.

नवरा सुट्टीवर यायचा तेव्हा चुलीशी बसून बोलायचा. बाहेर पारावर गेला की लोकांना पाहिजे तसल्या गोष्टी सांगायचा, धाडधाड, ढिशांव ढिशांव. मला मात्र खरं सांगायचा.

सांगायचा, "ती डोंगरातली बंदूकवाली माणसं वाईट आहेत गं. बस पेटवतात, मास्तराला उचलून नेतात, मारून रस्त्यात टाकतात. त्यांच्यासमोर हात जोडून चालत नाही, तिथं बंदूकच लागते. आम्ही जातो, ती पळतात. गाव मोकळं होतं. मग आम्ही वाट बघतो. आता मास्तर येईल, दवाखाना येईल, कुणीतरी साहेब येऊन लोकांचं गाऱ्हाणं ऐकेल. कुणी म्हणजे कुणी येत नाही. शाळेत आम्हीच मुक्काम टाकलेला. पोरं बाहेरनं खिडकीतनं बघतात. आम्ही हललो की ती बंदूकवाली परत येतात. परत आम्ही जातो. तेच गाव, तोच डोंगर, फक्त आमच्यातला एखादा कमी."

आणि एक गोष्ट तो सांगायचा आणि मान खाली घालायचा. एका गावाला त्यांनी वेढा दिला होता. सगळ्या बाप्यांना शाळेच्या मैदानात उन्हात बसवलेलं, सकाळपासून. त्यात एक म्हातारा. त्याला लघवीला जायचं होतं. हात जोडत होता. नव्यानंच आलेला एक साहेब म्हणाला, "कुणी हलायचं नाही." शेवटी म्हाताऱ्याचं धोतर भिजलं. नातवासमोर, गावासमोर. माझा नवरा तिथं पहाऱ्यावर. त्यानं काय करावं? स्वतःच्या बाटलीतलं पाणी म्हाताऱ्याच्या मांडीवर ओतलं. पाणी सांडलं असं वाटावं म्हणून. साहेबानं त्याला चार शिव्या हासडल्या.

"नातू रडला नाही," नवरा म्हणायचा. "नुसता बघत होता. त्या दिवशी गावात एक बंदूक सापडली नाही आम्हाला. पण एक बंदूकवाला आम्ही करून आलो."

हे मी इतकी वर्षं ऐकून होते. बाईनं ऐकावं तसं ऐकलं होतं, हूं हूं करत. त्या दिवशी स्टेजवर अंगावर शाल आणि कपाळासमोरनं वळलेलं बोट, तेव्हा मला तो म्हातारा कळला. माझा कुणी खून केला नव्हता, घर जाळलं नव्हतं. नुसतं चारचौघांत हलकं केलं होतं. तेवढ्यानंच, हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. मग त्या नातवाचं काय झालं असेल?

वकीलसाहेबांचं भाषण सुरू झालं. तेच सोफ्यावरचं भाषण, फक्त भज्यांविना. "एकच भाषा कळते यांना! सरकारनं सैन्याचे हात मोकळे सोडावेत! पंधरा दिवसांत साफ!" टाळ्या. शिट्ट्या. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "ही बघा वीरपत्नी. हिनं नवरा दिला. आता ही काय देते ते तिच्याच तोंडून ऐका."

माझ्या हातात माइक दिला. पहिल्या रांगेत पोरगं बसलेलं. इस्त्रीचा शर्ट. डोळे चमकत होते त्याचे. मला त्या डोळ्यांची भीती वाटली. मागनं कुणीतरी कन्नडमधनं ओरडलं, "हेळ्री अक्का, हेळ्री!" बोल म्हणत होता.

मी बोलले.

"मुलगा द्यायला तो काय परडीतला नारळ आहे? मी त्याला देणार नाही. त्याला जायचं तर तो त्याच्या पायानं जाईल. वकीलसाहेब, तुम्ही पंधरा दिवस म्हणता. माझा नवरा त्याच डोंगरावर तीनदा चढला. दोनदा जिंकून आला, तिसऱ्यांदा मेला. जिंकला त्या गावात त्याच्या मागनं कोण गेलं? मास्तर गेला? डॉक्टर गेला? तुमच्यासारखा एखादा वकील गेला?"

वकीलसाहेबांनी माइककडं हात केला. मी पुढं म्हटलं, "बंदूक घेऊन आमची पोरं पाठवायची, आणि त्यांच्या मागनं कुणी जायचं नाही, याला तुम्ही उपाय म्हणता?"

माइक बंद झाला. कुणी बंद केला बघितलं नाही. बाईसाहेब दातओठ खात म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" मी शाल काढली, घडी घातली, त्यांच्या मांडीवर ठेवली. आणि त्या घरचं काम त्या घडीला सुटलं.

बाहेर आले तर पोरगं गाडीला टेकून उभं. चेहरा लालबुंद. "अव्वा, नाक कापलंस माझं," म्हणाला. घरात शिरल्यावर तटकन वळला.

"मग अप्पा उगाच मेले, असं म्हणायचंय का तुला?"

हा प्रश्न मला मारायलाच विचारला होता त्यानं, आणि लागलाही. आतनं सासू विचारत होती, काय झालं गं, काय झालं.

मी म्हटलं, "उगाच नाही मेला. तो होता म्हणून त्या गावात चार दिवस बाया पाण्याला जाऊ शकल्या. पण त्याला तिथं एकटं सोडलं. पाच माणसांचं काम, आणि पाठवला एकटा बंदूकवाला. ज्यानं त्याला गोळी घातली तो माझ्या हाती लागू दे, विळ्यानं चिरीन त्याला. मला दया नाही. पण त्याला चिरून झाल्यावरही तो म्हातारा तसाच बसलेला असणार आहे, मैदानात, ओल्या धोतरात. त्याला कोण उठवणार?"

"कोण म्हातारा?" पोरानं विचारलं.

त्याला ठाऊकच नव्हतं. बापाचा फोटो त्याला दिला होता, पदक दिलं होतं, वकिलाच्या बाता दिल्या होत्या. बापानं ओतलेलं पाणी कुणी दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. तो जमिनीवर बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "साहेबाच्या समोर ओतलं पाणी?" मी म्हटलं, "समोर."

भरतीला जायचं की नाही, त्यानं अजून ठरवलेलं नाही. ठरवेल. आता विचार करतो, आरशासमोर उभा राहत नाही. गेला तर मी रडेन, पण अडवणार नाही. फक्त तिथं कुणाला उन्हात बसवायची पाळी आली, तर आपला बाप कोण होता हे त्याला ठाऊक असेल.

मी आता एका खानावळीत भाकऱ्या करते. वकीलसाहेबांची सभा मध्यंतरी जुन्या हुबळीत झाली. फलक तोच. मला बोलावणं नव्हतं. तरी गेले. पहिल्या रांगेत बसले. पंधरा दिवसांचं आलं तशी उठले आणि विचारलं, "फौजेच्या मागनं कोण जाणार, त्याचं नाव सांगा. तुमच्या घरातलं सांगा."

"बाई, खाली बसा," म्हणाले.

नाही बसले. दोघातिघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. काढू देत. त्यांची पुढची सभा कुठं आहे ते मी विचारून ठेवलंय. तिथंही जाणार, त्याच्या पुढच्याही सभेला जाणार. दुसऱ्याच्या पोरांच्या जिवावर जो कुणी माइकवरनं लढाई करेल, त्याला त्याच्या घरातलं एक नाव सांगावंच लागेल. तोवर मी त्याला नीट बोलू देणार नाही.