मातामायच्या मागची नाली

त्या वर्षी मी आमच्या गावदेवीवर, मातामायवर चिडले होते, हे आधीच सांगते. आमचं गाव मोहाडीजवळचं. आमचे हे विहिरीत उतरून मोटारी दुरुस्त करतात. गाडीवरून पडून त्यांचा पाय मोडला, आत रॉड टाकला, आणि जखम काही भरेना. नागपूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलून पाहिली. शेवटी म्हणाले, जंतू कोणत्याच औषधाला दाद देत नाहीत, गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागेल. दर मंगळवारी मी देवीला पाणी घालत होते आणि ती ढिम्म. त्यात घरी चौकशीला येणाऱ्यांचा ताप वेगळाच. कोणी कडुलिंब सांगे, कोणी आणखी कुठला वैद्य. चहा करून करून माझा जीव गेला, आणि यांच्या पायाला काडीचा फरक नाही.

मग डॉक्टरांनी एक शेवटची वाट सांगितली. जंतूंना मारणारे विषाणू असतात म्हणे. यांच्या जखमेतले जंतू प्रयोगशाळेत वाढवले होते. त्यांना मारणारा विषाणू सापडला, तर तो शुद्ध करून जखमेत सोडायचा. सापडतो कुठे, तर घाण पाण्यात. त्यांच्याजवळचा एकही लागू पडला नव्हता, म्हणून ठिकठिकाणचं पाणी तपासणं चाललं होतं. आम्हीही गावच्या नालीचं आणावं, असं ठरलं. मी कपाळावर हात मारला. एवढ्या महागड्या औषधांनी झालं नाही ते गटार करणार होतं.

आमची नाली मातामायच्या देवळामागून जाते. गावाची धुणीभांडी, गोठे आणि देवीच्या अंगावरून उतरलेलं हळदीचं पाणी, सगळं तिच्यातच. देवीशेजारी ही घाण नको म्हणून मी ग्रामपंचायतीशी भांडून थकले होते. नाकाला पदर लावून मी बाटली भरली, घरी आणून ठेवली आणि यांच्या दवाखान्यातल्या डब्याच्या तयारीला लागले.

माझी नणंद तेव्हा मदतीला आलेली. आमच्याकडे परक्या माणसाला पाणी द्यायचं तर कापडातून गाळूनच देतात. तिने ते पाणी गाळलं, वर उकळलं, थंड करून पुन्हा बाटलीत भरलं. मला पत्ताच नाही; तीच बाटली डब्यासोबत नागपूरला गेली. प्रयोगशाळेतून निरोप आला की या पाण्यात जिवंत काहीच नाही, तेव्हा कुठे ती बोलली.

"असं घानेरडं पानी डॉक्टरले कसं द्याचं, वहिनी? लोक काय म्हनतीन आपल्याले?"

हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांत त्या नालीचं पाणी एकदाच स्वच्छ झालं, तेही नेमकं नको तेव्हा. पाय कापायचा दिवस ठरला होता. मी तशीच देवळात गेले.

"तुले पाय घ्याचाच हाये तं घे, माय," मी म्हणाले. "मी आता काहीच नाही मागत."

रडून झाल्यावर मागे वळले, तर पायरीशी एक मुलगी उभी होती. प्रयोगशाळेत काम करणारी, मूळची दिघोरीची. गावाहून नागपूरला परतताना वाट वाकडी करून आली होती. तिला कोणी पाठवलं नव्हतं. तो निरोप मनातून जाईना, एवढंच ती म्हणाली.

"काकू, नाली कुठं हाये? या खेपेले मीच भरून घेतो."

मंगळवारचं हळदीचं पाणी नालीत उतरतं, तिथे ती उकिडवी बसली. एवढ्यात नणंद फडकं घेऊन हजर.

"गाळून देऊ का, बाई?"

"नाही आत्या, घानच पाहिजे मले."

त्याच पाण्यात तो विषाणू सापडला. पाय कापणं पुढे ढकललं, परवानग्या मिळाल्या, विषाणू जखमेत सोडला, आणि हळूहळू जखम कोरडी पडत गेली. डॉक्टर सांगतात की सोबत इंजेक्शनंही होती आणि हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. त्यांचं बरोबरच असेल, मी वाद घालत नाही. गुडघा पूर्ण वाकत नाही, तरी हे विहिरीत उतरतात आणि मी काठावरून ओरडत राहते.

नाली अजून तशीच आहे. मंगळवारी पाणी घालताना मी नाक मुरडते, पंचायतीच्या नावाने बोटंही मोडते. फक्त कोणत्या वाटेने यायचं, हे मातामायला सांगणं मी सोडून दिलं आहे.