ऐकणार कोण?

आमच्या सोसायटीत कुणाचेही स्पीकर जोडायचे असले की पाचव्या मजल्यावरच्या काकी येतात. मूळच्या करावे गावच्या. दारात चपला काढतानाच विचारतात, ‘ऐकनार कोन हाय?’ मला हा प्रश्न फालतू वाटायचा.

माझ्या लॅपटॉपला भोक एक आणि पाच स्पीकरच्या संचाच्या पिना तीन. काकींनी पिशवीतून छोटं साउंड कार्ड काढलं, पिना खोचल्या आणि पाचही स्पीकर वाजले. ‘झालं!’ मी म्हणालो.

‘थांब रे.’ त्या बाबांच्या खुर्चीत बसल्या, डाव्या कानात बोट घातलं आणि संवादाचा मधला स्पीकर मला उजवीकडे सरकवायला लावला.

‘भाऊंना, तुझ्या बाबांना, डाव्या कानानं ऐकू येत नाय. लिफ्टमदी नेहमी उजवा कान पुढं करतान.’

बाबांनी आमच्यासोबत सिनेमा बघणं कधीच सोडलं होतं. आम्ही समजत होतो, ते रुसलेत.