गड उतरणारी बाई

द्वारका वानखडे वर्ध्याकडची. तिच्या गावात उंच म्हणावं असं एकच काही होतं, पाण्याची टाकी. पुण्याच्या खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांत तिला तिथे सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली आणि सदाशिव पेठेत तात्यारावांकडे भाड्याची खोली मिळाली. एका रविवारी ऑफिसातल्या लोकांबरोबर ती सिंहगड चढली, आणि तेव्हापासून तिचा रविवार दुसरीकडे गेलाच नाही.

चाळिशीत तिने मावळातल्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत नाव घातलं. आई फोनवर म्हणाली, "काहून पयतं वं? मांगं कोनी लागलं हाय का?"

वर्षभर तिने गड चढायचा सपाटा लावला. तरी शर्यतीत, शेवटून दुसऱ्या डोंगराच्या उतारावर मांड्या थरथरायला लागल्या, गुडघे वाकेनात. बसत, घसरत ती शर्यतीच्या खालच्या चौकीवर पोचली तेव्हा तिथे पोचायची ठरलेली वेळ संपली होती. छातीवरचा नंबर काढून घेऊन शर्यतवाल्यांनी तिला गाडीत बसवलं.

"अहो, वय झालं," तात्याराव म्हणाले. "कॅरम खेळा आता. आमचा बोर्ड पडूनच आहे."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गडावर. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, आणि सवयीने ती खाली जाणाऱ्या जीपमध्ये बसली. दुसऱ्या वळणावर द्वारका एकदम ताठ झाली. इतक्या रविवारांत ती गड एकदाही पायी उतरली नव्हती! सगळे जीपने उतरतात, म्हणून तीही. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढणाऱ्या बाईने स्वतःचं अर्धंच तपासलं होतं.

मग उलटा क्रम सुरू झाला. जीपने वर, पायी खाली, पुन्हा जीपने वर.

"मॅडम, लोकं दमल्यावर जीप धरत्यात," जीपवाला कचरू म्हणाला. "तुमचं येगळंच हाय."

"मला दमायचं खालीच जाताना आहे, दादा."

सोमवारी घरचा जिना ती कठडा धरून, तिरकी होऊन उतरायची. तात्याराव दारातून बघत. "लिफ्ट नाही आमच्याकडे. भाडं वाढवून दिलंत तरी होणार नाही."

"मी कुठे मागितली?" म्हणत ती पुढची पायरी उतरायची.

ढोपरं फुटली, खपल्या धरल्या, पुन्हा फुटली. हळूहळू पावलं लहान झाली, नजर चार हात पुढे राहायला लागली. दगडावर टाच रोवून थांबायची तिची खोड गेली.

पुढच्या वर्षी तोच उतार. मांड्या जळत होत्या, पण ऐकत होत्या. ती चौकीवर आली तेव्हा वाट अजून उघडी होती.

"वेळेत आहात, ताई!" चौकीवरची बाई ओरडली. "पण पुढे अजून एक चढ आहे हं. मोठा आहे."

द्वारकाने लिंबूपाण्याचा पेला एका दमात संपवला आणि वर बघितलं.

"चढ येतो मला," ती म्हणाली, आणि निघाली.