उष्ट्या पत्रावळ्यांची सेवा

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आसगावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि नम्र म्हणून प्रसिद्ध व्हायची मला फार घाई होती. भागवत सप्ताहात मी मुद्दाम मागे, चपला-जोड्यांजवळ बसायला जायचो. पण तिथेही जागा सहजासहजी मिळत नसे. गावातल्या भातगिरणीचे मालक माझ्या आधीच तिथे मांडी घालून बसलेले असत. मी दिसलो की हात जोडून म्हणायचे, "या गुरुजी, तुमी समोर बसा जी." असा संताप व्हायचा!

पाचव्या दिवशी कथा सांगणाऱ्या महाराजांनी सांगितलं, की दुसऱ्याची उष्टी पत्रावळ उचलल्याशिवाय माणसाचा अहंकार गळत नाही. मी गिरणीवाल्यांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच पाहत होते.

गोपालकाल्याच्या दिवशी देवळापुढे पंगती बसल्या. भात, वरण, वांगं-आलूची भाजी आणि वर बुंदी. मी धोतर खोचून कधीचा तयार होतो. त्या टोकाने गिरणीवाले, या टोकाने मी. पहिली पंगत उठली तेव्हा त्यांच्या हातातला गठ्ठा माझ्या गठ्ठ्यापेक्षा चांगला जाड होता, आणि महाराज नेमके तिकडेच बघत होते. दुसऱ्या पंगतीला मी कोणाच्या उठण्याची वाट पाहिली नाही. नजर गिरणीवाल्यांवर, हात पत्रावळीवर. एक पत्रावळ दुमडून उचलली, तर खालून आवाज आला, "गुरुजी, मी जेवूनच राहिली ना जी!"

गावाला पळसाच्या पत्रावळ्या टाचून देणारी म्हातारी होती ती. तोंडात दात नाहीत, म्हणून भात कालवून कालवून सावकाश जेवत होती. सप्ताहभर ती एकभुक्त होती; दिवसातून एकदाच बसायचं, उठलं की दुसऱ्या दिवशी. हे मला चांगलं ठाऊक होतं. महाराजांना तिचं कौतुक मीच तर सांगितलं होतं! तिचा त्या दिवसाचा सगळा भात आता माझ्या हातात होता.

पंगत खो खो हसली. मी दुसरी पत्रावळ मागवली, पण ती मान हलवून म्हणाली, "नाई जी. पत्रावळ उचलली, जेवण झालं. तुमी कायले थांबता? तुमची सेवा होऊ द्या." हातातला घास तोंडात टाकून ती उठली.

दुपारी माझा नारळ देऊन सत्कार झाला. गिरणीवाल्यांचाही झाला, त्यामुळे निम्मी मजा गेली. पण उरलेली निम्मीही मला भोगता येईना. तिचा तो एक घास डोळ्यांपुढून हलत नव्हता. मला लाज वाटत होती, अगदी खरी.

दिवेलागणीला तोच नारळ घेऊन मी तिच्या घरी माफी मागायला गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराशी मी दोनदा मोठ्याने खाकरलो, निदान शेजारचं कोणी डोकावेल म्हणून. कोणी डोकावलं नाही. म्हातारीच बाहेर आली. मी तिच्या पाया पडलो.

"माफी कायची जी? उठा. तोंड काहून सुकलं तुमचं? जेवले का?"

मी जेवलो नव्हतो. सेवेकऱ्यांची पंगत शेवटी बसायची, आणि तोवर सत्कार सुरू झाला होता. तिने चूल पेटवली. गरम भात केला, वर लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. "तू पण घे ना माय," मी म्हटलं. "मी उद्या जेवीन," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. भूक अशी लागली होती की मी पोटभर जेवलो, हात धुतला, राम राम केला आणि निघालो.

गल्लीच्या वळणावर सहज मागे पाहिलं. अंगणात कंदील ठेवून, राख घेऊन ती माझं उष्टं ताट घासत होती. तिच्या घरात मला बघायला कोणी नव्हतं. ताट मी जागेवरच सोडून आलो होतो.