तसाच आवाज

"आवाज तर धाकटीच्या छातीतबी हाय. ती चांगली हिंडून राह्यली की!"

अक्काच्या सासूबाई ओसरीवर आईला सांगत होत्या. धाकटी म्हणजे मी. दाराआड माझ्याशेजारी अक्का भिंतीला टेकून बसली होती. पाचवा महिना, पावलांवर सूज. सुगी तोंडावर होती, म्हणून सासूबाई तिला भोकरदनला न्यायला आल्या होत्या. दवाखान्यातल्या मडम डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, बाळंत होईपर्यंत हिला जालन्यातच ठेवा, कामाला हात लावू देऊ नका.

माझा आवाज आधी सापडला होता. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत होते, तिथं याच बाई मुलींना तपासायला यायच्या. त्यांनी मला निजवून छातीला नळी लावली, मग बसवून पुन्हा ऐकलं आणि हसल्या. 'मर्मर' म्हणाल्या. हा शब्द मला इंग्रजी कवितांतून ठाऊक होता, ओढ्याच्या पाण्यासाठी. 'इनोसंट' आहे, रक्त वाहतं त्याचा नुसता आवाज, काळीज धडधाकट आहे, खुशाल पळ. घरी येऊन मी तसंच सांगितलं: आवाज आहे, पण निष्पाप आहे. वडील पोट धरून हसले. तेव्हापासून अक्का माझ्या छातीला कान लावून विचारायची, "काय म्हणतंय गं तुझं निष्पाप?"

या खेपेला ती माहेरी आली ती धापा टाकतच. बाईंचं मराठी मोडकं, म्हणून मध्ये बोलायला मी गेले. त्यांनी अक्काला डाव्या कुशीवर वळवलं, खूप वेळ ऐकलं आणि हसल्या नाहीत. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. आई निर्गुडीच्या पाल्यानं तिचे गुडघे शेकायची, मला आठवत होतं. त्या तापानं काळजातलं एक दार आखडलंय, बाई म्हणाल्या. ते पुरतं उघडत नाही. आणि आता तर तिच्या काळजाला दोन जिवांचं काम. मग त्यांनी नळी माझ्या कानांत घातली. लांबच्या घरात कुणी जातं ओढावं, तशी घरघर. नंतर माझ्याच छातीवर ठेवून दाखवली. तिथं हलकी फुंकर.

घरी मी सगळं सांगितलं. पण दोघींच्या छातीत जे होतं त्याला इंग्रजीत एकच शब्द होता, मर्मर, आणि मराठीतही मला एकच सुचला. आवाज.

आता सासूबाईंचं बोलणं ऐकून वडिलांनी मला ओसरीवर बोलावलं. "सांग बरं यांना, बाई काय म्हणाल्या ते."

मी खाली बघत म्हणाले, "आतलं दार नीट उघडत नाही."

"काळजाला दार?" सासूबाई म्हणाल्या. "मंग कडीबी असंल की!"

आई हसली. दाराआड अक्काही हसली, मला ऐकू आलं. त्या हसण्यावर बोलणं संपलं. वडील एवढंच म्हणाले, "काम सांगू नका तिला."

"बिलकुल न्हाई," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना तसं खरंच वाटत होतं.

मी आत आले तेव्हा अक्का लुगडी बांधत होती. तिची तीन वर्षांची पोर तिकडंच ठेवून घेतलेली. "जाऊ दे मला," ती म्हणाली. "चिमणी वाट बघत असेल."

थंडीत भोकरदनहून निरोप आला. तिला आडवं होता येईना, बसूनच श्वास घ्यायची. दवाखान्याकडे निघालेली बैलगाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

आम्ही भोकरदनला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सासूबाई रडून रडून सुजल्या होत्या. चिमणी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आईच्या सवयीनं तिनं माझ्या छातीला कान लावला. ते पाहून सासूबाईंनी माझ्या आईचा हात धरला.

"विहीणबाई, हिला तरी जपा हो. हिच्याबी छातीत तसाच आवाज हाय."

साऱ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. चारचौघांत मी कधी बोलत नसे.

"तसाच नाही, मावशी," मी म्हणाले. "तिचा वेगळा होता."