गोलपुढची ओल

नांदेडच्या संघात माझी सगळी उमेद बाकावर बसून गेली. मी राखीव गोलकीपर. पहिल्या गोलकीपरला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. मग नोकरीनं लातूरला आलो आणि लातूर वेगळा जिल्हा झाला. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, आणि जिल्ह्याचा स्वतःचा फुटबॉल संघ. तिशी कधीच ओलांडली होती. संघात शिरायची ही शेवटची संधी, हे मला आणि माझ्या गुडघ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या साली पाऊस मात्र नव्हता. मैदान फरशीसारखं टणक. नांदेडला आम्हाला शिकवणारे उस्ताद हैदराबादेत खेळून आलेले. सामन्याआधी प्रत्येकानं घरून कळशीभर पाणी आणून माती मऊ करायला गोलपुढं ओतायचं, ही त्यांची शिस्त. म्हणायचे, "गिरना तो पूरा गिरना मियाँ, आधा गिरे तो हड्डी जाती." लातूरलाही सरावाला येणाऱ्या गड्यांना मी ती रीत लावून दिली होती. पण टँकरपुढं भांड्यांच्या रांगा लागल्यावर कुणाकडं कळशी मागणार? मागितली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि बरोबरच काढलं असतं.

निवड सामन्याच्या सकाळी बायकोनंच भरलेली कळशी पुढं केली. रांगेत उभं राहून तिचे पाय सुजले होते.

"घेऊन जा. न्हाई म्हणू नका."

सायकलला बांधून नेली खरी, पण मातीत ओतवेना. खांबाजवळ ठेवून दिली. मध्यंतराला आमचे गडी धापा टाकत आले. एकानं ओंजळ धरली, मग सगळ्यांनीच. मीही प्यालो. गार होतं पाणी. खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा समोरच्या गोलातला तरणा गोलकीपर त्याच टणक मातीत लोळून कोपरं सोलून घेत होता. त्याच्याकडं बघूनच मला थकवा येत होता.

सामना संपत आला तेव्हा डाव्या कोपऱ्यात खालून चेंडू आला. अवघड नव्हता, सरावात असले कितीतरी अडवले होते. हात गेला, अंग गेलं नाही. जमीन बघून ते जागीच थांबलं. गोल झाला. निवड समितीनं त्या तरण्यालाच घेतलं. समितीतल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताचा मला भयंकर राग आला.

घरी आलो. बायकोनं निकाल विचारला नाही. माझा शर्ट हातात घेतला, पुढून मागून पाहिला. कुठंच माती नव्हती.

"पडलाच न्हाईत व्हय?"

"न्हाई."

तिनं शर्ट झटकला. मग दोरीवर टाकत म्हणाली, "बरं झालं. धुवायला पाणी न्हाईच घरात."