बॅटरीतलं पाणी

२१ मे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायचं होतं. डिस्टिल्ड वॉटर संपल्यापासून मी टँकरचंच खारं पाणी उकळून घालत होते. त्या दिवशीही तेच घातलं. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ कसा टिकला, हे मुलीचं गणित कॉम्प्युटरवर नऊ दिवस अखंड चालू होतं. सोमवारी तिला ते कॉलेजच्या सरांना दाखवायचं होतं.

"आई, प्रत्येक कणाला संपवणारा उलटा कण होता," ती जेवताना म्हणाली. "कोट्यवधींत एखादा जास्त निघाला, म्हणून आपण उरलो."

दुपारी आमच्या फुलपाड्यातली वीज गेली. तीन तास चालणारा इन्व्हर्टर दहाव्या मिनिटालाच किंचाळू लागला.

"पाणी डिस्टिल्डच घातलंस ना?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

स्क्रीन काळी झाली. गणित गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खरं सांगितलं आणि तुळिंजला नवी बॅटरी आणायला गेले.